रस्त्याचा आराखडा समोर आला, आता टेप घेऊन निघा

मुंबईत वॉर्डातल्या एखाद्या रस्त्याचं काँक्रिटीकरण निघतं. बैठकीत भिंतीवर दोन-तीन रंगीत आराखडे दिसतात. दुतर्फा फूटपाथ, हिरवा सायकल ट्रॅक, झाडं, बाक. मग रहिवासी संघाला, शाळेला किंवा दुकानदारांना विचारलं जातं, ‘अ चालेल की ब?’ बहुतेक जण चित्र बघून उत्तर देतात. चित्रात मात्र डबल पार्किंगचा टेम्पो नसतो, वडापावची गाडी नसते, शेअर रिक्षाची रांग नसते आणि पाऊस तर कधीच पडत नाही.

खाली दिलेली पद्धत अशा वेळी पहिल्यांदाच आराखडा हाती आलेल्यांसाठी आहे. इंजिनिअर असण्याची गरज नाही. एकच सूत्र धरून चालायचं: पर्याय सरासरीवर तोलायचा नाही. रस्त्याची सगळ्यात अडचणीची जागा आणि सगळ्यात अडचणीची वेळ धरून तो तोलायचा. ‘सरासरी रुंदी २ मीटर’ असलेल्या फूटपाथवर एका विजेच्या डब्यापाशी ६० सेंटिमीटर उरत असतील, तर काठी टेकत चालणारी आजी तिथेच रस्त्यावर उतरते. आधीच्या दोनशे मीटरचा तिला उपयोग शून्य.

रस्ता कोणाचा आणि किती रुंद

हे काम एका दिवसात उरकतं, पण ते टाळलं तर पुढचं सगळं फुकट जातं. मुंबईत रस्ता महापालिकेचा, एमएमआरडीएचा (महानगर विकास प्राधिकरणाचा), सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पोर्टचा किंवा रेल्वेच्या हद्दीतला असू शकतो. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग २०२२ पासून देखभालीसाठी पालिकेकडे आले आहेत. गल्लीबोळांसाठी वॉर्ड ऑफिसचा परिरक्षण, म्हणजे देखभाल विभाग गाठायचा. सिग्नल, वळणबंदी, पार्किंगबंदी यांत वाहतूक पोलिसांचा शब्द लागतो.

शहराच्या विकास आराखड्यातली (डीपीतली) रुंदी आणि जमिनीवरची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी. डीपी रस्ते १३.४० मीटर, १८.३० मीटर, २७.४५ मीटर, ३६.६० मीटर अशा मापांत येतात. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते मूळचे ४४, ६०, ९० आणि १२० फूट आहेत. कागदावर ६० फुटी असलेला रस्ता एखाद्या जुन्या चाळीपाशी ४० फुटांवर येतो. आराखडा कुठली रुंदी धरून काढलाय, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘डीपीची’ असेल, तर ती जागा प्रत्यक्षात ताब्यात कधी येणार, हा दुसरा.

टेपने मोजायचं ते काय

साहित्य फार नाही: ३० मीटरचा फायबर टेप, ५ मीटरचा स्टीलचा टेप, खडू, वही, दोन माणसं. दर २० मीटरवर आडवं माप घ्यायचं. शिवाय डोळ्यांना जिथे अरुंद दिसेल तिथे वेगळं.

फूटपाथची पूर्ण रुंदी लिहायची आणि तिच्या शेजारी मोकळी रुंदीही लिहायची. मोकळी म्हणजे भिंतीपासून कर्बपर्यंत (रस्त्याकडच्या उंच दगडी कडेपर्यंत) जे उरतं ते नाही, तर अडथळे वजा जाता सलग सरळ रेषेत जे उरतं ते. समजा फूटपाथ २.४ मीटरचा आहे. दुकानाची पायरी आणि लटकवलेला माल ४० सेंटिमीटर खातो. दिव्याचा खांब आणि केबलचा डबा कर्बकडून ५० घेतो. कर्बला चाक टेकवून लावलेल्या बाइक आणखी ५० आत येतात. उरला १ मीटर. समोरासमोर दोन माणसं आली की एकाला अंग चोरावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. दुकानं असलेल्या रस्त्यावर २.५ मीटर, गर्दीच्या बाजारात ४ मीटरपर्यंत. स्टेशनबाहेर १.८ मीटर म्हणजे बादलीभर पाण्याला चहाची गाळणी.

उंची मोजायला लोक विसरतात. दुकानाचं छप्पर, झाडाची फांदी, दिशादर्शक पाटीची कड हे सगळं २.२ मीटरच्या वर हवं. दृष्टिहीन माणसाची काठी जमिनीवरचा अडथळा शोधते, कपाळाच्या उंचीवरचा नाही.

कर्बची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पाणी आत येऊ नये म्हणून ती २५-३० सेंटिमीटर केलेली आढळते आणि मग गुडघे दुखणारी माणसं फूटपाथवर चढतच नाहीत. आराखड्यात कर्बची उंची लिहिलेली नसेल तर लिहून मागा.

आणि सोसायट्यांची गेटं मोजा. शंभर मीटरमध्ये किती वेळा फूटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो? मुंबईत फूटपाथ सोडून लोक रस्त्याने चालतात, त्याचं एक मोठं कारण हे चढउतार. चांगल्या आराखड्यात फूटपाथ गेटसमोरून त्याच पातळीत सलग जातो आणि गाडीला कर्बच्या कडेला छोटा उतार करून वर चढावं लागतं. तिथे पेव्हर ब्लॉक असतील तर ते ८० मिलिमीटर जाडीचे हवेत किंवा सरळ काँक्रीट. माणसांपुरते ठीक असलेले ६० मिलिमीटरचे ब्लॉक गाड्यांच्या वजनाने पहिल्या पावसातच खचतात.

मोजणी: किती माणसं, किती वेगाने

कामाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेदहा, संध्याकाळी सहा ते साडेआठ. शाळा असेल तर घंटेच्या आगेमागे अर्धा तास. बाजार असेल तर रविवारही. दर १५ मिनिटांचे आकडे वेगळे लिहायचे, कारण गर्दी तासभर एकसारखी नसते. लोकल आली की तीन मिनिटांत दोनशे माणसं जिन्यावरून उतरतात आणि मग शांतता.

नुसतं ‘चालणारे किती’ मोजून भागत नाही. फूटपाथवरून चालणारे आणि रस्त्यावरून चालणारे असे दोन रकाने करा. शंभरातले चाळीस रस्त्यावर असतील तर फूटपाथ नापास आहे, तो कितीही नवा असो. लोकांना शिस्त नाही, असं म्हणून हा आकडा झटकू नका. माणूस सोयीची वाट धरतो. वाट का सोडली याचं कारण बहुधा तिथल्या दहा मीटरमध्येच सापडतं.

सायकली मोजताना वेळ नीट निवडा. मुंबईचा सायकलवाला म्हणजे रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणारा गट एवढाच नाही. पहाटेचा पाववाला, सायकलला डबे लटकवलेला डबेवाला, रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, दूधवाला हे आहेत. त्यांची वेळ वेगळी आणि सायकलची रुंदीही वेगळी. हँडल साधारण ६०-६५ सेंटिमीटर, पण दोन्ही बाजूंना माल असेल तर मीटरभर.

वेग मोजायला रडार लागत नाही. रस्त्याच्या कडेला खडूने २५ मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाइलने बाजूने व्हिडिओ घ्या. ९० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ३ सेकंद लागले तर ३०, १.८ सेकंद लागले तर ५०. पुढे मोकळी वाट असलेल्या किमान ५०, जमलं तर १०० गाड्या घ्या. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातला ८५ वा बघा. आराखडा त्या वेगाला तपासायचा. सरासरीला नाही. हे काम रात्री साडेदहानंतर पुन्हा करा. दिवसा कोंडीमुळे १५ च्या वेगाने सरकणारा रस्ता रात्री ६० वर धावतो आणि दिवसाच्या कोंडीत सुरक्षित वाटणारी रुंदी रात्री घात करते.

हा आकडा इतका का महत्त्वाचा? ३० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर ती साधारण १४ मीटरमध्ये थांबते. ५० ला ३० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हेच १७ आणि ३८ होतात. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ५० ची धडक ३० च्या पावणेतीन पट. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंग, पाट्या, रेलिंग यांतलं काहीही वेग कमी न करता फारसं पदरात टाकत नाही.

अपघातांची नोंद वाहतूक पोलिसांकडे माहिती अधिकारात मागता येते. तीन ते पाच वर्षांची मागा आणि त्यात जागा, वेळ, वाहनाचा प्रकार, जखमी चालत होता की गाडीवर, हे विचारा. पण आकडा शून्य आला म्हणून रस्ता सुरक्षित ठरत नाही. कधीकधी तो इतका भीतिदायक असतो की म्हातारी माणसं आणि मुलं तिथे फिरकतच नाहीत. म्हणून नाक्यावर तासभर उभं राहून ‘थोडक्यात वाचले’ असे प्रसंग मोजा: कोणी मागे उडी मारली, कोणी मध्येच थबकलं, कोणाला करकचून ब्रेक लावावा लागला. ते नकाशावर टिंबांनी मांडा. टिंबं कुठे दाटतात ते पाहिलं की आराखड्याने नेमकं काय सोडवायला हवं ते कळतं.

रस्ता ओलांडायची जागा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. कारण चालणाऱ्याचा जीव धोक्यात येतो तो मुख्यतः ओलांडताना.

प्रत्येक पर्यायात कर्ब ते कर्ब अंतर मोजा आणि दोन वेगांनी भागा: धडधाकट माणसासाठी सेकंदाला १.२ मीटर, म्हाताऱ्या किंवा लहान मूल कडेवर असलेल्या माणसासाठी ०.८ मीटर. १४ मीटरच्या रस्त्याला पहिल्याला १२ सेकंद, दुसऱ्याला साडेसतरा. सिग्नलचा हिरवा माणूस यापेक्षा कमी वेळ देत असेल तर ते जंक्शन नापास. उलट बाजूही बघा. हिरव्यासाठी दीड-दोन मिनिटं थांबावं लागत असेल तर कोणी थांबत नाही, लोक गाड्यांमधल्या फटी शोधतात.

झेब्रा कुठे काढलाय? लोक जिथून जातात तिथे, की जंक्शनपासून पन्नास मीटर आत, गाड्यांच्या सोयीने? बस स्टॉप, स्टेशनचा जिना, शाळेचं गेट, मंदिर, भाजीवाले ही ठिकाणं नकाशावर टिंबांनी मांडा आणि रेषांनी जोडा. झेब्रा त्या रेषेवर नसेल तर दुभाजकाच्या जाळीचे गज सहा महिन्यांत वाकवलेले दिसतील.

मध्ये थांबायची जागा असेल तर तिची खोली मोजा. मुंबईतल्या कित्येक दुभाजकांवर ४० सेंटिमीटरच्या पट्टीवर लोक पाय जुळवून, पोट आत ओढून उभे असतात. सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते. बाबागाडी आणि ती ढकलणारी आईही तेवढीच जागा घेतात. म्हणून २ मीटर खोली मागा आणि झेब्राच्या रुंदीएवढाच कट, रस्त्याच्या पातळीत.

कधी सिग्नल मागावा, यासाठी एक जुना हिशेब आहे. गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं गुणिले त्याच तासातल्या गाड्यांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा आकडा १० कोटींच्या वर गेला, दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर गेला, की नियंत्रित क्रॉसिंग हवं. तासाला ३०० माणसं आणि ८०० गाड्या धरल्या तर उत्तर १९.२ कोटी येतं. दुभाजक नसेल तर सिग्नल मागता येतो, असेल तर थोडक्यात हुकलं. या हिशेबाचा दोष असा की अंध शाळेसमोर ३० माणसंच ओलांडतात आणि आकडा कधीच भरत नाही. अशा जागी हिशेब बाजूला ठेवून मागणी करा.

साइड रोडवर आणि शाळेपाशी उंचावलेलं क्रॉसिंग सर्वात भरवशाचं. म्हणजे फूटपाथच्या पातळीला आणलेला रस्ता. माणूस खाली उतरत नाही, गाडी वर चढते. उंची १० ते १५ सेंटिमीटर. बसचा मार्ग असेल तर वरचा सपाट भाग ६ मीटर किंवा जास्त ठेवा, म्हणजे बसची दोन्ही चाकं पाठोपाठ आदळणार नाहीत. डांबराच्या ढिगासारखा अचानक चढणारा गतिरोधक आणि हे, यांची गल्लत करू नका. आयआरसीचा गोल गतिरोधकसुद्धा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा, ताशी २५ किलोमीटरसाठी. फूटभर रुंदीच्या रबरी पट्ट्यांनी दुचाकी घसरतात, सायकलवाल्याचे डबे सांडतात आणि रिक्षा कडेने चाक काढून निघते.

पादचारी पूल हा पर्याय पुढे आला की जिन्याच्या पायऱ्या मोजा. गाड्यांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची सोडली आणि पायरी १५ सेंटिमीटरची धरली तरी ३७ पायऱ्या, वर पुलाच्या गर्डरची जाडी वेगळी. तेवढं चढायचं, तेवढंच उतरायचं, कशासाठी? १४ मीटर पलीकडे जाण्यासाठी. वांद्रे पूर्वेला २००८ मध्ये शहरातला पहिला स्कायवॉक उभा राहिला आणि मागोमाग बरेच आले. जे थेट स्टेशनच्या पुलाला जोडले आणि माणसाला आधीच वरच ठेवतात, ते चालतात. खालून वर चढवून पुन्हा खाली आणणारे ओस पडतात. द्रुतगती महामार्गावर पूल लागतोच, पण तिथे चालू राहणारी लिफ्ट आणि तिच्या देखभालीचा करार मागा. ६० फुटी रस्त्यावर पूल सुचवला असेल तर सुचवणाऱ्याला गाड्या थांबवायच्या नाहीत, एवढंच समजायचं.

कोपरा आणि फ्री लेफ्ट

कोपऱ्याची त्रिज्या जितकी मोठी, तितकी गाडी वेगात वळते आणि ओलांडायचं अंतरही वाढतं. ५ मीटर त्रिज्येवर गाडी आरामात १२-१३ च्या वेगाने वळते, १५ मीटरवर २२ च्या. ‘बस वळणार नाही’ ही हरकत येणारच. ती खरी की नाही ते रात्री खडूने कोपरा आखून, कोन ठेवून, बस प्रत्यक्ष वळवून तपासता येतं. बहुतेक वेळा बस थोडी बाहेरून येऊन वळते. आणि दिवसाला दोन कचऱ्याच्या गाड्या वळतात म्हणून हजार माणसांचं क्रॉसिंग लांबवायचं कारण नाही. फ्री लेफ्टची, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची वेगळी पट्टी असलेला पर्याय असेल तर ती काढायला सांगा. तिथे गाडी कधीच थांबत नाही आणि चालकाची मान उजवीकडे वळलेली असते.

सायकलसाठी जागा

वेगळा ट्रॅक हवाच का, हे आधी ठरवा. ८५ व्या गाडीचा वेग ३० च्या आत असेल किंवा आराखडा तो आणू शकत असेल, तर सायकल गाड्यांमध्ये मिसळून चालते. त्याच्या वर गेला की भौतिक अडथळ्याने वेगळा केलेला ट्रॅक लागतो. नुसती रंगीत पट्टी हा मधला मार्ग नाही. मुंबईत तिचा अर्थ ‘दुचाकी पार्किंग’ असा होतो.

एका दिशेचा ट्रॅक २ मीटरचा हवा, कारण मालाची सायकल मागून येणाऱ्याला ओलांडू देत नाही. शेजारी पार्किंग असेल तर दारासाठी मधली पट्टी हवी, कारण उघडलेलं दार मीटरभर बाहेर येतं. एमएमआरडीएने २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे १३ किलोमीटरचा ट्रॅक बांधला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि सायकलवाला मुख्य रस्त्यावर गेला. लांबी भरपूर होती, पण रोजचा प्रवास जिथून सुरू होतो त्या स्टेशनांपर्यंत तो जोडलेला नव्हता. म्हणून आराखडा तपासताना ट्रॅकची दोन टोकं आधी बघायची. तो जिथे संपतो तिथे सायकलवाला कुठे जातो? बसच्या पुढ्यात जात असेल तर तो ट्रॅक न बांधलेला बरा.

बस स्टॉपपाशी ट्रॅक स्टॉपच्या मागून जायला हवा, म्हणजे बस ट्रॅकवर चढत नाही. साइड रोडवर ट्रॅक फूटपाथबरोबर उंचावूनच पलीकडे न्यायचा. गटाराच्या जाळीचे गज आडवे हवेत, सायकलच्या दिशेला समांतर असले की पुढचं चाक थेट आत.

बोलार्डचं, म्हणजे गाड्या अडवायला फूटपाथवर रोवलेल्या बुटक्या खांबांचं एक कोडं सांगून ठेवतो. दोन खांबांमध्ये ९० सेंटिमीटर ठेवलं तर व्हीलचेअर जाते, पण ७०-८० सेंटिमीटर हँडलची मोटरसायकलही जाते. बाइक अडवायला फट ४० सेंटिमीटर केली की व्हीलचेअर आणि बाबागाडी बाहेर. यावर तांत्रिक तोडगा नाही. बोलार्डने कार आणि टेम्पो अडवायचे, बाइकसाठी दंड हवा, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर इतका खोळंबा नको की फूटपाथ हाच शॉर्टकट वाटावा.

पाऊस

जून ते सप्टेंबर हा रस्ता वेगळाच असतो, म्हणून हे सगळे पर्याय पाण्यात उभे करून बघायला हवेत. उंचावलेल्या क्रॉसिंगच्या दोन्ही कडांना पाणी कुठे जाणार? कडेचं गटार तिथे बंद केलं तर नेमकं झेब्रावर डबकं साचतं आणि लोक बाजूने, गाड्यांच्या वाटेतून, उड्या मारत जातात. तिथे क्रॉसिंगखालून पाइप किंवा वरून जाळीचं गटार हवंच, नकाशात दाखवलेलं. सायकल ट्रॅकला सलग कर्ब घातला तर तो कालवा होतो. मधे मधे फटी ठेवाव्या लागतात. फूटपाथचा आडवा उतार ५० ला १, म्हणजे २ मीटरला ४ सेंटिमीटर, रस्त्याकडे. यापेक्षा जास्त झाला की व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते.

मॅनहोलची झाकणं चालण्याच्या सरळ रेषेत नकोत. पाणी तुंबल्यावर कोणीतरी झाकण उघडतंच आणि गढूळ पाण्याखाली ते दिसत नाही. आत जाळी बसवायची तरतूद विचारा. झेब्राचा थर्मोप्लास्टिक रंग ओला झाला की दुचाकीला घसरवतो. खरखरीत मिश्रणाचा रंग मागा. खोदकामाचंही इथेच विचारा: वीज, गॅस, पाणी, केबल यांसाठी फूटपाथखाली डक्ट, म्हणजे न खोदता वाहिन्या टाकायची नळी आहे का? नसेल तर कोरा फूटपाथ दिवाळीपर्यंत उकरला जातो आणि भराव नीट न ठोकल्याने पुढच्या जुलैत खचतो.

गणपतीत मंडप येणार हे गृहीत धरा. ते बारा-पंधरा दिवस चालणाऱ्यांची वाट कुठून, ते आधीच ठरलेलं बरं.

तीन पर्याय, एकच १८.३० मीटर

समजा उपनगरातला स्टेशन रोड आहे. गर्दीच्या तासात ९०० माणसं ओलांडतात. समोर तीन आराखडे आले.

पर्याय अ: फूटपाथ २ मीटर दोन्हीकडे, रंगीत सायकल पट्टी दीड मीटर दोन्हीकडे, पार्किंग २.४ मीटर दोन्हीकडे, मध्ये ३.२५ च्या दोन लेन. बेरीज बरोबर १८.३०.

पर्याय ब: फूटपाथ ३ मीटर दोन्हीकडे, उंच सायकल ट्रॅक २ मीटर दोन्हीकडे, ९० सेंटिमीटरची विभाजक पट्टी दोन्हीकडे, ३.२५ च्या दोन लेन. पार्किंग नाही.

पर्याय क: फूटपाथ ३.२ मीटर दोन्हीकडे, त्याला लागून झाडं, खांब आणि फेरीवाल्यांसाठी १.८ मीटरची पट्टी दोन्हीकडे, ३.१ च्या दोन लेन, एका बाजूला माल उतरवायला आणि रिक्षांना २.१ मीटरचा कप्पा. सायकल गाड्यांबरोबर.

अ मध्ये कर्ब ते कर्ब १४.३ मीटर, म्हणजे प्रत्येक माणूस १२ सेकंद गाड्यांपुढे. ९०० माणसांचे मिळून सुमारे १०,७०० माणूस-सेकंद. ब मध्ये गाड्यांची रुंदी ६.५ मीटर, ४,९००. क मध्ये झेब्रापाशी कप्पा बंद करून फूटपाथ पुढे आणला तर ६.२ मीटर, सुमारे ४,७००. या एका आकड्यानेच अ बाद होतो. शिवाय त्याची सायकल पट्टी दारांच्या आणि डबल पार्किंगच्या मधोमध आहे. बैठकीत मात्र हाच सर्वांना आवडतो, कारण त्यात प्रत्येकाला काहीतरी मिळतं.

ब कागदावर देखणा आहे. पण दुकानांचा माल रोज सकाळी कुठे उतरणार? उत्तर नसेल तर टेम्पो सायकल ट्रॅकच्या तोंडाशी उभा राहतो. बाजूच्या गल्ल्यांमध्ये मालासाठी जागा आणि वेळ ठरवता आली तरच ब टिकतो. क मध्ये फेरीवाला गृहीत धरलाय, हा त्याचा मोठा गुण. कायदा आणि न्यायालयाचे आदेश स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई करतात. म्हणून त्या पट्टीचा वापर अंतर मोजूनच ठरवावा लागेल, स्टेशनजवळ ती झाडांना आणि बाकांना द्यावी. क ची कमकुवत बाजू सायकल. दर ८० मीटरवर उंच क्रॉसिंग घालून वेग ३० च्या आत आणता आला तरच तो पास. स्टेशन रोडसाठी आमचा कौल क ला. हाच रस्ता २७.४५ मीटरचा आणि रात्री ५० च्या वेगाचा असता तर ब सारखा वेगळा ट्रॅक घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

गुणांचा तक्ता करायचा असेल तर दोन टप्प्यांत करा. आधी पास-नापास: सगळ्यात अरुंद जागी १.८ मीटर, व्हीलचेअर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न उतरता, रॅम्पचा उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नाही, मिश्र वाहतुकीत वेग ३० च्या आत, क्रॉसिंगवर पाणी साचत नाही. यांतल्या एकातही नापास झालेला पर्याय दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवायचा. झाडांना ९ आणि बाकांना ८ देऊन तो सरासरीने वर आणायचा नाही. उरलेल्यांची तुलना मग माणूस-सेकंद, सावली, खर्च, देखभाल यांवर. आणि रात्री नऊला दिवे बघायला विसरू नका. दुभाजकावरचे खांब रस्ता उजळतात, झाडाखालचा फूटपाथ काळोखात राहतो.

काँक्रीट ओतण्याआधी रंग आणि कोन

निवडलेला पर्याय आधी तात्पुरता करून बघा असा आग्रह धरा. मालाडच्या मिठचौकीवर आणि वांद्रे पश्चिमेच्या एचपी जंक्शनवर रंग, कोन आणि बॅरिकेड वापरून अशा चाचण्या झालेल्या आहेत. वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. हलके कोन दोन रात्रींत गायब होतात किंवा सरकतात, म्हणून पाण्याने भरायचे बॅरिकेड किंवा जड कुंड्या. पहिला आठवडा मोजू नका, चालक गोंधळलेले असतात आणि कोंडीचे व्हिडिओ फिरतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधीचीच मोजणी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा करा: रस्त्यावरून चालणारे किती, ८५ वी गाडी कितीवर, थोडक्यात वाचलेले प्रसंग किती.

हरकती लेखी द्या, माप आणि जागेसकट. ‘फूटपाथ अरुंद आहे’ असं नको. ‘अमुक दुकानासमोर विजेच्या डब्यापाशी मोकळी रुंदी ६५ सेंटिमीटर, डबा १.२ मीटर मागे हलवावा’ असं लिहा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९८अ प्रमाणे मानकांकडे दुर्लक्ष करून केलेल्या रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पत्रात या कलमाचा आणि आयआरसी १०३ चा उल्लेख असला की उत्तर लवकर येतं.

काम झाल्यावर पहिल्या जोरदार पावसात, भरतीच्या वेळी, तीच वही घेऊन तिथे जा. डबकं साचलेल्या जागांचे फोटो तारीख आणि वेळेसह काढा आणि दोषदायित्वाची, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत संपायच्या आत परिरक्षण विभागाकडे द्या. ती किती वर्षांची आहे, ते निविदेत लिहिलेलं असतं.